तिथंच जाऊन खाऊ

शंकरराव आणि इंदूबाई रायपूरला आले ते दिवाळीपुरते. निदान इंदूबाईंना तसं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. नवऱ्याचं बोलणं खरं मानायला त्यांना कधी फारसं काही लागलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं.

त्यांचा मुलगा पराग रायपूरच्या कडेला, उरल्याच्या कारखान्यांतल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात होता. छत्तीसगडचं नवं राज्य झालं, रायपूरची राजधानी झाली, आणि जो तो एक तर लोखंड वितळवायला लागला, नाहीतर जमिनी विकायला. गावात धूळ अशी, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं. परागची बायको रूपाली हिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि तिच्या माहेरी करणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून सासूला बोलावणं आलं. इंदूबाईंनी चार साड्या बॅगेत टाकल्या, नागपुरातल्या रेशीमबागेजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या घराला कुलूप घातलं, शेजारच्या सुशीलाबाईंना अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालायला सांगितलं आणि चावी बटव्यात टाकून गाडीत बसल्या. बाळंतपण झालं, दिवाळी झाली, की परत, असं शंकरराव म्हणाले होते. गोंदिया यायच्या आत त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

रायपूर काही वाईट नव्हतं हो. परागनं ब्राह्मणपाऱ्यात भाड्यानं घर घेतलं होतं, आणि त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भोसल्यांच्या काळापासूनची मराठी घरं. त्यांची मराठी अर्धी हिंदीत बुडालेली, पण हळदीकुंकवाला बोलावणारी माणसं. नात गंधाली मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र हिंदीतच द्यायची. इंदूबाई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती हिंदीत बोलायची, आणि दोघींचं झकास चालायचं. पण संध्याकाळ झाली, दिवे लागले, की बाईंना अच्युतचा बर्गर आठवायचा.

आता बर्गर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आलं असेल, ते आधी पुसून टाका. अच्युत नावाच्या एका खटपट्या माणसानं नागपुरात बर्डीवर गाडा लावला होता. गाड्याचं दुकान झालं, मग धरमपेठेत दुसरं झालं, मग वर्धा, अमरावती, चंद्रपूर. पूर्वेला मात्र एकही नाही. भंडाऱ्याची वाट धरली की अच्युत संपला. त्याचा पाव तव्यावर लोण्यात दाबून भाजलेला, कडा कुरकुरीत होईपर्यंत. आत वाटाणा-बटाट्याची जाडजूड टिक्की, कच्चा कांदा, मूठभर शेव. आणि वरून पळीनं ओतलेली लालभडक तर्री, चण्याच्या रश्शावर जमतो तो झणझणीत तवंग. हा प्रकार हातात धरून खायची सोयच नाही. स्टीलची ताटली हनुवटीखाली धरायची आणि नाक पुसत, हाशहुश करत, उभ्यानं खायचा. ज्यानं नाक पुसलं नाही त्यानं अच्युतचा बर्गर खाल्लाच नाही, असं नागपुरात म्हणत.

शंकरराव वीज मंडळात कारकून होते. पगार झाला की त्या शनिवारी संध्याकाळी ते बायकोला बर्डीवर न्यायचे. तिला कधी थंड हवेच्या ठिकाणी नेलं नाही, अंगावर धड एक दागिना घातला नाही, पण तो शनिवार कधी चुकवला नाही. गल्ल्यावर बसलेला अच्युत इंदूबाईंना लांबूनच बघायचा आणि आत हाळी द्यायचा, वहिनी आल्या, तर्री जास्त. बाई लाजून पदर सावरायच्या. घरात त्यांना काय आवडतं हे कोणी कधी विचारलं नव्हतं, ना सासरी ना माहेरी. तव्यापुढच्या त्या गर्दीत मात्र एका परक्या माणसाच्या ते ध्यानात होतं. त्या बर्गरची चव निम्मी त्या हाळीत होती, हे शंकररावांना फार उशिरा कळलं.

रायपुरात नवा मॉल झाला तेव्हा गंधाली आजीला तिथं ओढून घेऊन गेली. चकचकीत काचेच्या दुकानात तिनं बर्गर मागवला आणि मोठ्या अभिमानानं आजीपुढे ठेवला. इंदूबाईंनी पाव उचकटून आत बघितलं. आत पांढरं काहीतरी चोपडलेलं होतं. भिंतीला द्यायचा चुना पावाला काहून लावला, असं त्यांनी विचारलं. गंधाली हसून हसून लोळली. "आजी, ये भी तो बर्गर ही है ना," ती म्हणाली. बाईंनी नातीचं मन मोडू नये म्हणून तो सगळा खाल्ला, पण घरी आल्यावर तिखट चटणी बोटानं चाटली तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

मग परागनं आपल्या परीनं एकदा केलं. कंपनीच्या कामानं तो नागपूरला गेला होता, तो येताना अच्युतकडून चार बर्गर बांधून घेऊन आला. गाडी डोंगरगढला अडकून पडली. घरी येईतो तर्री पावात मुरून पावाचा लगदा झाला होता आणि शेवेचा भुगा. रूपालीनं बिचारीनं तो गरम केला, तर वरून कातडं आणि आतून चिखल. सगळे इंदूबाईंच्या तोंडाकडे बघत बसले. बाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. तिखट लागलं असेल म्हणून रूपाली पाणी घेऊन धावली.

"परागा, आता पार्सल नको आणत जाऊ रे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आपण तिथंच जाऊन खाऊ."

शंकरराव समोरच बसले होते. जाऊ ना, दिवाळी झाली की जाऊच, ते म्हणाले.

मुलगा झाला, शिशिर नाव ठेवलं. दिवाळी झाली. मग बाळ अजून लहान आहे असं निघालं. मग गंधालीची परीक्षा आली, मग उन्हाळा आला आणि एवढ्या उन्हात कुठं निघता असं झालं. इंदूबाई भांडणाऱ्या बाई नव्हत्या. महिन्या दोन महिन्यांनी, शनिवार बघून, त्या नुसतं म्हणायच्या की आज अच्युतकडे गर्दी असेल. त्याचा अर्थ शंकररावांना बरोबर कळायचा, आणि ते दरवेळी म्हणायचे, जाऊ.

त्याच सुमारास परागच्या डोक्यात स्वतःच्या फ्लॅटचं खूळ शिरलं. खूळ तरी कसं म्हणावं, दोन मुलांचा बाप तो, राजधानीत भाव रोज वर जाऊन राहिले होते. तो बापाजवळ बोलला. नागपूरचं घर नुसतं बंद पडलं आहे, तुम्ही दोघं आता इथंच राहा, मी कुठं तुम्हाला जा म्हणून राहिलो, असं सरळ बोलला. त्यात काही वावगं नव्हतं. शंकररावांनी एका रात्रीत होकार दिला. घर त्यांच्या नावावर होतं. इंदूबाईंना विचारायचं राहिलं.

राहिलं म्हणजे काय, विचारलंच नाही. आपण सवडीनं सांगू, असं त्यांनी परागला बजावलं, तू मधे बोलू नको. बायको रडेल, भांडेल, अशी भीती त्यांना वाटत होती असं समजू नका. भांडली असती तर बरंच झालं असतं. त्यांना भीती होती ती बायको लगेच हो म्हणेल याची. ती मान खाली घालून बरं म्हणेल, बटव्यातून चावी काढून देईल आणि स्वयंपाकघरात निघून जाईल, हे त्यांना आधीच दिसत होतं. ते बघायची हिंमत त्यांच्यात नव्हती. असे भित्रे पुरुष घरोघरी असतात आणि बायका त्यांना शांत स्वभावाचा माणूस म्हणतात.

पेन्शनरला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सही करून सांगायचं, की पुढं पेन्शन चालू. शंकररावांची बँक नागपूरची. त्या नोव्हेंबरात ते निघाले तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, मी पण येते, घराचा केर काढू, एक रात्र राहू, अच्युतकडे जाऊ. शंकररावांनी रिझर्वेशन मिळालं नाही असं सांगितलं. त्यांनी काढलंच होतं एकाचं. बाई स्टेशनला पोचवायला आल्या आणि खिडकीशी उभं राहून कढीपत्त्याची चार पानं आणायला विसरू नका म्हणाल्या.

नागपुरात त्यांनी सकाळी हयातीचा दाखला दिला आणि दुपारी घराचं खरेदीखत करून दिलं. घेणाऱ्यानं चावी मागितली. चावी रायपूरला बायकोच्या बटव्यात, ती कशी मागायची. हरवली म्हणून सांगितलं, कुलूप फोडा. भांडीकुंडी सुशीलाबाईंकडे ठेवली, कॉट आणि कपाट तिथंच सोडलं. संध्याकाळी पाय आपोआप बर्डीकडे वळले. अच्युतचे केस पिकले होते, पण गल्ल्यावर तोच होता. वहिनी कुठं आहेत, त्यानं विचारलं. शंकररावांना तव्याचा वास आला, तोंडाला पाणी सुटलं, आणि एक घास उतरणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. पुढच्या खेपेला वहिनीला घेऊनच येतो असं त्याला सांगून ते न खाता परत फिरले.

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, घर कसं आहे. आहे तसंच आहे, ते म्हणाले. कढीपत्ता? चांगला वाढला. पानं आणली का? विसरलो. खरं म्हणजे घेणाऱ्यानं अंगणात गाडी उभी करायची म्हणून कढीपत्ता त्यांच्यादेखतच तोडायला काढला होता. इंदूबाई हसल्या आणि म्हणाल्या, तुमचं डोकं ठिकाणावर नाही, मी सोबत असते तर आणली असती.

यानंतर ते सगळे नव्या फ्लॅटमध्ये गेले. परागनं कंपनीतून कर्ज काढलं, असं बाईंना सांगण्यात आलं. त्यांनी वास्तुशांतीला मुलाची दृष्ट काढली. चावीचा बटवा आपल्या उशीखाली ठेवला आणि इथं कढीपत्ता लावायला अंगण नाही एवढंच म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात बाईंचे पाय सुजायला लागले. साखर जुनीच होती, आता मूत्रपिंडं थकली होती. दवाखाने झाले, सुया झाल्या, अंग वाळत गेलं. खाणं कमी होत होत पेजेवर आलं आणि पेजही नकोशी झाली. एक दिवस डॉक्टरनं परागला बाहेर बोलावून सांगितलं, आता पथ्य सोडा, जे खावंसं वाटेल ते द्या. डॉक्टर असं म्हणाला की त्याचा काय अर्थ होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

रूपाली गुणाची पोर. ती सासूच्या उशाशी बसली आणि काय खावंसं वाटते ते विचारलं. बाई म्हणाल्या, अच्युतचा बर्गर. तर्री जास्त. पराग लगेच उठला. मी आत्ता कार काढतो, पाव वेगळा आणतो, टिक्की वेगळी, तर्री थर्मासमध्ये, इथं तव्यावर भाजून देतो, आई, तुले कळणारही नाही, असं तो कळवळून सांगत होता. बाईंनी उशीवरच मान हलवली. पार्सल नको. तिथंच जाऊन खाऊ. दोन दिवस आपल्या घरी राहू.

"अहो," त्या शंकररावांकडे वळून म्हणाल्या, "नेता ना मले?"

त्या वेळी पराग बापाकडे बघत होता. बाप त्याच्याकडे बघत नव्हता.

"नेतो ना," शंकरराव म्हणाले. "थोडी अंगात ताकद येऊ दे. ह्याच महिन्यात जाऊ."

बाहेर गॅलरीत परागनं बापाचा हात धरला. बाबा, सांगून टाका तिले आता, तो म्हणाला. शंकरराव म्हणाले, आता सांगून तिचा जीव घेऊ का. परागनं त्यांचा हात सोडला.

इंदूबाईंनी मात्र ते बोलणं मनावर घेतलं. त्या दोन चमचे वरणभात खायला लागल्या. भिंतीला धरून दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या, ताकद यायला पाहिजे म्हणून. एक दिवस त्यांनी रूपालीकडून आपली बॅग काढून घेतली, दोन साड्या, औषधाची पिशवी आणि वर एक टॉवेल घालून ती भरली आणि कॉटखाली सरकवली. शंकरराव रात्रंदिवस त्या कॉटशेजारी खुर्चीवर बसायचे, आणि बॅग त्यांच्या पायाला लागायची. कितीतरी वेळा ते बोलायला तोंड उघडायचे. बाई विचारायच्या, काय म्हणून राहिले? ते म्हणायचे, काही नाही, पाणी देऊ का.

एका सकाळी रूपाली त्यांचे केस विंचरत होती. वेणी घट्ट घाल, गाडीत सुटते, बाई म्हणाल्या. रूपालीनं वेणी घातली, रिबीन बांधली, आणि बाईंची मान पुढं झुकली ती झुकलीच.

दहाव्याला सगळे महादेवघाटावर गेले. खारून नदीचं पाणी त्या दिवसांत गढूळ, पायऱ्यांवर शेवाळ. परागनं मुंडन केलं, आंघोळ केली, ओल्या धोतरानं बसला. ब्राह्मणपाऱ्यातले अनंतराव गुरुजी सांगत होते तसं करत गेला. इंदूबाईंचा धाकटा भाऊ नरहरी रात्रीच्या गाडीनं वर्ध्याहून आला होता. येताना बहिणीच्या आवडीचा बर्गर घेऊन आला होता, वर्ध्याच्या अच्युतमधून. शंकररावांच्या मनात आलं, इंदू म्हणायची की वर्ध्याच्या दुकानाला बर्डीची चव नाही. पण हे आता कोणाला सांगायचं.

गुरुजींनी कागद उघडल्यावर कांद्याचा वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. नरहरी म्हणाला, गेलेल्या बाईची इच्छा आहे, तिथं कांद्याचं काय घेऊन बसता. मग गुरुजींनी तो पिंडाच्या जरा बाजूला ठेवायची परवानगी दिली. भाताचा पिंड, त्यावर काळे तीळ, शेजारी पानावर तो लाल झालेला पाव. सगळी माणसं मागं सरकली आणि हात जोडून उभी राहिली.

कावळे होते. घाटाच्या भिंतीवर रांगेनं बसले होते. पलीकडं दुसऱ्या कुटुंबाचा पिंड ठेवल्या ठेवल्या उचलला गेला आणि ती माणसं मोकळी होऊन आंघोळीला गेली. इकडं एक कावळा आला, बर्गरभोवती दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून बघितलं, एक शेव चोचीत धरून टाकून दिली आणि परत भिंतीवर जाऊन बसला. पिंडाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

नरहरी पुढं झाला. "ताई, काय राहिलं तुझं, सांग," असं म्हणून त्यानं शिशिरचं जावळ आपल्याकडे करायचं कबूल केलं. कावळा हलला नाही. परागनं बाबांना अंतर देणार नाही असं सांगितलं. रूपालीला काही कमी पडू देणार नाही, पोरांशी घरात मराठीतच बोलू, आईच्या नावानं दरवर्षी अन्नदान करू. एकेक वचन देताना त्याचा आवाज बसत चालला होता. ऊन वर आलं. पिंडावरचे तीळ सुकले. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कोणीतरी घड्याळ बघितलं. बाईचा जीव नातवात अडकला असेल, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, नवऱ्यात.

शंकरराव मागं, पायरीच्या कडेला उभे होते. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बायकोचा जीव ना नातवात अडकला होता ना बर्गरात. सबंध आयुष्यात तिनं एकच गोष्ट मागितली, तीही सरळ कधी मागितली नाही, पावातून मागितली, आणि आपण तेवढीही विकून टाकली. कावळा असाच बसून राहिला तर ती अशीच लटकत राहील, आणि आपण मरेपर्यंत त्या भिंतीकडे बघत राहू. निदान घर विकलं एवढं तरी कळलं पाहिजे तिला.

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढले. कधी कधी नाही येत कावळा, मन छोटं करायचं नाही, दर्भाचा करून शिवतो, शास्त्रात आहे, असं ते समजावून सांगायला लागले. परागनं मान खाली घातली. तेव्हा शंकरराव म्हणाले, थांबा.

ते पिंडाजवळ गेले आणि खाली बसले. गुडघे वाजले. त्यांनी ठरवलं होतं, आता खरं सांगायचं. इंदू, घर विकलं. तुले विचारलं नाही. चूक झाली, तू मोकळी हो. आज नाही तर कधीच नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. उशीखालच्या बटव्यातली चावी ती गेली त्या दिवसापासून त्यांच्या खिशात होती. ती मुठीत धरून ते पिंडावर वाकले. मागं फक्त परागला ऐकू जाईल इतक्या हळू बोलले.

"इंदू," ते म्हणाले, आणि खरं सांगायच्या आत तिचा बरं म्हणतानाचा चेहरा समोर आला. "इंदू, चल. तुझी बॅग भरलेलीच आहे. आज संध्याकाळच्या गाडीनं निघू. घराची चावी घेतली मी."

ते उठून दोन पावलं मागं आले नसतील, की भिंतीवरचा कावळा उतरला, सरळ पिंडावर बसला, चोच मारली आणि घास घेऊन उडाला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. गुरुजींनी हात जोडले, सुटल्या, म्हणाले. नरहरी ओक्साबोक्शी रडत मेहुण्याच्या गळ्यात पडला. इतका वेळ आम्ही एवढी वचनं दिली, काय सांगितलं तुम्ही तिले, की तिनं लगेच ऐकलं, त्यानं विचारलं. पराग ओल्या धोतरानं तिथंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तो बापाकडे बघत नव्हता.

"तिनं माझं कधी ऐकलं नाही असं झालं का रे," शंकरराव म्हणाले.

एवढं बोलून ते पायरीवर बसले. दहा दिवस त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ते आता लहान पोरासारखे हंबरडा फोडून रडायला लागले. चला, बरं झालं, रडू द्या, मोकळे होतील, असं म्हणत लोक आंघोळीला पाण्यात उतरले. परागनं खाली बसून त्यांच्या मुठीतली चावी काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी मूठ सोडली नाही.